ईस्टरची लांब सुट्टी

१

ईस्टरच्या रविवारी उजाडता उजाडता, चर्चच्या आवारात, सगळ्या लेसेडिंग गावादेखत रा मोत्सुमी, म्हणजे मोत्सुमीबाबा, कोसळले. उगवत्या सूर्यासमोरची प्रार्थना चालू होती. लाल पोलकी आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका गात होत्या. मोत्सुमींनी छातीवर हात दाबला, बायकोकडे वळून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर पडला नाही.

दवाखान्याची सिस्टर म्मापुला गर्दी ढकलत पुढे धावली. तिने गुडघे टेकले, नाडी चाचपली, छाती दाबायला सुरुवात केली. हात भरून आले तरी ती थांबेना. शेवटी पाद्री मोरुती ताऊंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती उठली. गाणं कधी बंद पडलं ते कुणालाच कळलं नव्हतं.

"विष!" मागून कुणीतरी म्हणालं.

हा शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही, पण तो गावभर झाला. कारण सगळ्यांच्या मनात शुक्रवार होता. गुड फ्रायडेला इथे क्रुसावरच्या सात वचनांवर सात जण सात प्रवचनं करतात. "मला तहान लागली आहे" हे वचन मोत्सुमींच्या वाट्याला आलं होतं. जन्मभर दारूगोळ्याच्या कारखान्यात राबलेला तो अबोल माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "आपण भरलेल्या पेट्यांवर एका देशाचं नाव असतं आणि माल जातो दुसरीकडेच. तिथे बाजाराच्या दिवशी बाजारावर गोळे पडतात. त्या दुसऱ्या देशाचं नाव सोमवारी सांगेन, इथेच उभा राहून. तोवर ज्याला मला अडवायचं असेल त्याने अडवावं."

कुणीतरी अडवलं होतं, असंच सगळे धरून चालले. गावातल्या प्रत्येक घरात संध्याकाळी जी चूल पेटते ती कारखान्याच्या पगारावर. म्हणजे संशय घ्यायचाच तर कुणाचाही घ्यावा.

तरुण सार्जंट न्तुली मोत्सुमींच्या घरी जाऊन आला तो हातात एक बाटली घेऊन. आल्याचं घरगुती सरबत, ईस्टरला घरोघरी करतात तसलं. तळाशी थोडं उरलं होतं.

"हे काल संध्याकाळी त्यांना कुणीतरी आणून दिलं," तो म्हणाला. मग त्याने सिस्टरकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. "तुमच्या लेफिकाने, सिस्टर."

म्मापुलाने बाटली ओळखली. नेणारा तिचा मुलगा, आणि सरबत तिच्याच हातचं होतं.

२

दुपारपर्यंत गावातल्या गटारांना आल्याचा वास येऊ लागला. ज्याने त्याने आपापलं सरबत ओतून दिलं होतं. हसण्यासारखंच होतं ते, पण हसायला कुणी तयार नव्हतं.

मोत्सुमींची बायको सेगामेत्सी रिवाजाप्रमाणे आतल्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर बसली होती. डोक्यावरून शाल. म्मापुला तिच्याशेजारी टेकली. दोघी एकाच शाळेतल्या, त्यामुळे आडपडदा नव्हता.

"तुझ्या पोराचं नाव मी नाही घेतलं हो," सेगामेत्सी म्हणाली. "सार्जंटने विचारलं, काल कोण आलं, तर मी सांगितलं. सरबत तर मीही प्यायले. मला कुठे काय झालंय?"

म्मापुलाच्या छातीवरचा दगड थोडा हलला. "आणखी कोण कोण आलं होतं?"

"मोरुती आले होते. इथेच बसून जेवले आणि रडले. म्हणाले, चर्चचं छप्पर कारखान्याने घालून दिलंय, तू बोललास की ते उद्या तेच छप्पर माझ्या डोक्यावर पाडतील. हा म्हणाला, पाडू देत, उघड्यावर प्रार्थना करू." ती थोडी हसली, तशी शाल घसरली. "फोरमन लेकाला शुक्रवारनंतर फिरकला नाही. एरवी सुट्टीत एक चक्कर तरी असते त्याची."

"आणि रा मोत्सुमी? त्यांना काय होत होतं?"

"काय होणार? टोपी! चर्चमध्ये खुंटीला अडकवली होती, बाहेर येऊन बघतो तर नाही. ती कळकट टोपी गं, मी चुलीत घालणार होते ती. शुक्रवारपासून घर डोक्यावर घेतलं त्याने. ईस्टरसाठी मी नवी आणली होती, ती भिरकावून दिली. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्यावर आवाज चढवला नव्हता कधी. काल म्हणाला, छाती आवळल्यासारखी वाटते. मी म्हटलं, टोपीसाठी छाती आवळून घेणारा तूच पहिला."

हे सांगता सांगता ती रडायला लागली. आपण नवऱ्याला शेवटी टोमणा मारला, एवढंच तिच्या मनात राहिलं होतं. म्मापुलाने तिला जवळ घेतलं. पण तिचं लक्ष उडालं होतं. जिवावर बेतेल हे माहीत असूनही सगळ्या गावासमोर बोलणारा माणूस एका जुन्या टोपीसाठी एवढा का घाबरावा?

३

लेफिका घरी अंधाऱ्या खोलीत कपाळावर ओला फडका ठेवून पडला होता. शुक्रवारपासून त्याचं डोकं ठणकत होतं. म्मापुलाने गोळ्या दिल्या होत्या आणि उन्हाला दोष दिला होता.

लेफिका इंजिनीयर होता. पदवी भिंतीवर लावून दोन वर्षं तो घरी बसला होता, बायकांचे फोन दुरुस्त करत होता. आणि आता कारखान्यात मंगळवारपासून रुजू व्हायचं होतं. बातमी कळली त्या दिवशी म्मापुलाने कोंबडी कापली. कसलं काम, कुणासाठी, एवढंही तिने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

"सरबत कशाला नेलंस रे?"

"सहज."

"सहज? जो माणूस तुझ्या नोकरीवर पाणी फिरवायला निघाला होता, त्याच्याकडे सहज?"

तो ताडकन उठून बसला आणि डोकं धरून कळवळला. "मी विष घातलं असं म्हणायचंय का तुला? सरळ म्हण ना!"

"तसं म्हणत नाही मी."

"सगळं गाव म्हणतंय, मग तू कशाला मागे राहतेस? आणि हो, मला हवी होती ती नोकरी. मी नाही गेलो तर दुसरा जाईल. गोळा मी थोडाच डागणार आहे? मी नुसता यंत्रावर उभा राहणार. तुझ्या दवाखान्यातली रुग्णवाहिका कुणी दिली, आई? तिच्यातून पेशंट नेताना विचारतेस का, हे पैसे कुठून आले म्हणून?"

ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तांबरलेला चेहरा. कानशिलावर उडणारी शीर. उजेड सहन न होणारे डोळे.

आणि तिला एकदम आठवलं. हा चेहरा तिने पाहिला होता. एकदा नाही, वर्षानुवर्षं. कारखान्यात नवी भरती झाली की पहिल्या दिवशी संध्याकाळी पोरं अशीच दवाखान्यात येतात, तांबडीलाल होऊन, डोकं दोन्ही हातांनी धरून. कालवण्याच्या शेडमधली पोरं. तिथे तो पदार्थ मिसळतात ज्याला कामगार नुसतं 'तेल' म्हणतात, म्हणजे नायट्रोग्लिसरीन. कातडीतून, श्वासातून ते आत जातं आणि नवख्याचं डोकं फुटायची पाळी येते. चार दिवसांत अंगवळणी पडतं. शनिवार-रविवार सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा तेच. म्हणून जुने लोक काय करतात...

ती भिंतीला टेकली.

लेफिकाने अजून कारखान्याच्या फाटकात पाऊलही टाकलं नव्हतं.

"लेफिका," ती हळूच म्हणाली, "टोपी कुठे आहे?"

४

लेफिका लहानपणी खिडकीची काच फोडली की बसायचा तसा भिंतीकडे तोंड करून बसला.

"फोरमनकडे."

रा लेकालाने त्याला गुरुवारी बोलावून घेतलं होतं. मोत्सुमी चर्चमध्ये पेट्यांबद्दल बोलणार, याची कुणकुण त्याला लागली होती. मोत्सुमी टोपीच्या आतल्या पट्टीला तेल चोपडून कारखान्याबाहेर नेतो, म्हणाला. ही चोरी आहे. ती टोपी आणून दे. मोठ्या साहेबांसमोर ठेवली की म्हातारा गप्प बसेल, चोरावर कोण विश्वास ठेवणार? पोलीस नाहीत, काही नाही. कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. आणि मंगळवारची तुझी जागा पक्की.

"प्रवचनं चालू असताना मी मागच्या मागे उठलो. टोपी शर्टाच्या आत घातली, पोटाशी. फोरमनच्या घरी पोचेपर्यंतच डोकं धरलं होतं. तोच शर्ट अजून अंगात आहे."

"आणि काल?"

"त्यांना बरं नाही म्हणून कळलं. सांगून टाकावं म्हणून गेलो. सरबत दिलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, मग सांगवेना." तो तिच्याकडे वळला. "पण टोपी नेली म्हणून माणूस मरतो का, आई? कशाने मेले ते?"

म्मापुलाला त्याला खोटं सांगता आलं असतं. रोज किती जणांना ती धीराचं खोटं सांगायची.

"छातीत कळ आली की म्हाताऱ्यांना जिभेखाली गोळी देतात ना," ती म्हणाली, "ते हेच तेल. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात. जो माणूस जन्मभर रोज त्यात बुडालेला असतो, त्याच्या शरीराला त्याची सवय लागते. ते तोडलं की रक्तवाहिन्या उलट्या आवळतात. दोन दिवसांची सुट्टी असली तर टोपीतल्या पट्टीवर निभावतं. डोकं दुखू नये म्हणून टोपी घालतो असं म्हणतात सगळे. खरं तर ती काही जणांचा जीव धरून असते. ईस्टरला कारखाना शुक्रवारपासून बंद. टोपी नाही, शेड नाही. काल छाती आवळली, आज सकाळी पुरतीच मिटली."

तिला तिचं नोकरीतलं पहिलं वर्ष आठवलं. नाताळच्या सुट्टीत शेडमधले दोन धडधाकट पुरुष असेच गेले होते. डॉक्टरने 'हृदय' लिहिलं होतं. तिने त्यांचे डोळे मिटले होते आणि तीही गप्प राहिली होती.

"म्हणजे मीच..." लेफिका म्हणाला.

"थांब. तुला माहीत नव्हतं. लेकालाला माहीत होतं का, ते बघू दे मला आधी."

लेकालाला माहीत असलं तर तो पुढे काय करील याचा अंदाज तिला येत होता.

५

सोमवारी सकाळी फोरमन लेकाला कोबीच्या वाफ्यांना पाणी घालत होता. धिप्पाड, गोड बोलणारा माणूस. त्याच्या घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे कारखान्याचं फाटक, रखवालदाराच्या चौकीसकट. डोक्यावर त्याची स्वतःची जुनी टोपी होती.

"या सिस्टर! पोरगं उद्या येतंय ना? वेळेवर पाठवा."

"मोत्सुमींची टोपी द्या मला."

त्याने नळी खाली ठेवली नाही. "जाळली. चोरीचा माल होता. म्हाताऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून जाळली. मेलेल्या माणसाची बदनामी कशाला?"

"शुक्रवारी ते जिवंत होते."

"म्हणजे?"

"चोरी दाखवायची होती, तर टोपी शुक्रवारीच समोरच्या चौकीत द्यायची. रखवालदार सुट्टीतही असतो, आत्ताही तिथेच बसलाय. तुम्ही रस्तासुद्धा ओलांडला नाहीत. टोपी कुणाला दाखवायची नव्हतीच मुळी. ती मोत्सुमींकडे राहू नये, एवढंच हवं होतं."

"डोकं दुखावं म्हाताऱ्याचं, असं वाटलं असेल मला," लेकाला हसला. "थोडी चेष्टा."

"डोकं तेलाने दुखतं, तेल तुटल्याने नाही. नवख्याला ते कळत नाही. तुम्हाला कळतं. दर डिसेंबरला कारखाना बंद होताना शेडच्या दारात उभं राहून कोण सांगतं, की टोपी विसरू नका, छाती धरेल? माझे पेशंट सांगतात मला. फोरमन फार काळजी घेतो आमची, म्हणतात. आणि सुट्टीत घरोघरी चक्कर मारता तुम्ही, माणसं ठीक आहेत ना बघायला. या वेळी फक्त एका घरी गेला नाहीत."

पाणी एकाच वाफ्यात साचत राहिलं. लेकालाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, त्यामुळे तिला जास्त भीती वाटली.

"बरं. मग?" तो म्हणाला. "कोर्टात काय सांगशील, सिस्टर? एक माणूस टोपीवाचून मेला? जज हसेल. आणि समजा नाही हसला, तर पहिला प्रश्न विचारील, टोपी उचलली कुणी? बघ बाई. त्या म्हाताऱ्याने तोंड उघडलं असतं तर कारखाना बंद पडला असता. हजार घरं उपाशी. मी एका माणसाचा हिशोब केला आणि गाव वाचवलं. रोज तेच करतो आपण इथे, फक्त माणसं लांबची असतात." तो आपल्या अंगणाच्या फाटकाजवळ आला, अगदी जवळ, आणि आवाज खाली आणला. "उद्या पोराला पाठव. तो आत असला की मला त्याची काळजी राहील. बाहेर राहिला, तर माझा इलाज नाही."

घरी येताना तिने किती वेळा मागे वळून पाहिलं कुणास ठाऊक. रस्ता रिकामा होता आणि तरी ती जवळजवळ पळत होती.

६

लेफिका दारातच उभा होता.

"त्याला माहीत होतं?"

"हो."

"आणि माझ्यामुळे मेले ते?"

गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पोरगं मार्गी लागलं असतं. कुणी विचारायला आलं नसतं. म्मापुलाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला तो किती प्रिय होता, हे त्या क्षणी तिला सहन होईना.

"हो," ती म्हणाली. "तुझ्या हातून. तू विचारलं नाहीस, टोपी कशाला हवी म्हणून. मीही तुला काही विचारलं नाही."

त्याने चेहरा धुतला आणि स्वच्छ शर्ट घातला.

दुपारची प्रार्थना मोत्सुमींच्या घरी होती. बाहेरच्या खोलीत पुरुष बाकांवर दाटीने बसले होते, लेकाला पहिल्या रांगेत. सार्जंट न्तुली दाराशी होता. आत बायका, मध्ये दार उघडं. लेफिका सरळ चालत गेला आणि सेगामेत्सीच्या गादीसमोर जमिनीवर बसला.

"मा, तुमच्या घरची टोपी मी नेली. ती नेल्याने ते गेले. मला माहीत नव्हतं, पण नेली मीच. रा लेकालांनी सांगितलं म्हणून."

लेकाला मोठ्याने म्हणाला, "पोरगं बिथरलंय. डोक्यावर परिणाम झालाय त्याच्या."

म्मापुलाने पुरुषांकडे तोंड केलं. तिला बोलायला जमेल असं वाटलं नव्हतं. "शेडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने आपली टोपी बघा," ती म्हणाली. "इथे खुंट्या आहेत, कुणी अडकवलेली नाही. सगळ्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवलीय. असं करायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

बाकांवर चुळबुळ झाली. मग शेडमधला एक पिकल्या दाढीचा माणूस उठला. "फोरमनने," तो म्हणाला. "दर डिसेंबरला सांगतो." त्याच्यामागे दुसरा उठला. कुणी लेकालाकडे पाहत नव्हतं, पण त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं सरकून बसली.

सार्जंट आत आला. लेकाला उठला, शांतपणे, आणि निघताना लेफिकाकडे पाहून म्हणाला, "मी एकटा नाही जात."

"माहीत आहे," लेफिका म्हणाला आणि उठू लागला.

सेगामेत्सीने त्याचं मनगट धरलं. "त्याने तुला काय देऊ केलं होतं?"

"नोकरी, मा."

म्मापुला शिव्याशाप ऐकायच्या तयारीने उभी होती.

"माझ्या नवऱ्यालाही त्यांनी तेच दिलं होतं," सेगामेत्सी म्हणाली आणि हात सोडला.

मंगळवारी सकाळी म्मापुला पोराचा डबा घेऊन पोलीस ठाण्याकडे निघाली. वाट कारखान्यावरून जाते. फाटकाबाहेर रांग लागली होती. शेडमधली एक जागा, यंत्रावरची एक आणि फोरमनची एक, अशा तीन जागा रिकाम्या झाल्याची बातमी रात्रीतच पसरली होती. रांगेतल्या अर्ध्याअधिक पोरांना तिने स्वतःच्या हातांनी जगात आणलं होतं. त्यांनी अदबीने तिला वाट करून दिली.

ती पुढे गेली आणि थांबली. पाय पुढे जायला तयार होते, तीच तयार नव्हती. चौकीतून रखवालदार तिच्याकडे टक लावून बघत होता. तिने डबा भिंतीच्या कडेला ठेवला आणि रांगेतल्या पहिल्या पोराजवळ गेली.

"आत काय करायचंय ते विचारलंस का रे?"

"नाही, सिस्टर," पोरगं ओशाळून म्हणालं. "इथे उभं राहून कोण विचारतं?"

रखवालदार चौकीतून बाहेर पडला होता, झपाझप येत होता. म्मापुलाने मागच्यांनाही ऐकू जाईल एवढा आवाज चढवला आणि पेट्यांचं, टोपीचं सगळं सांगायला सुरुवात केली.